जपानमध्ये त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना : भाषा येत नसेल तर काय तयारी करावी?

नोकरी किंवा शिक्षणासाठी जपानला गेलेली मराठी मंडळी सुटीत घरी आली, की त्यांपैकी काही जण त्वचेचा जुना त्रास घेऊन दवाखान्यात येतात. चार-सहा महिने अंगावर काढलेली खाज, काळे पडलेले चट्टे, हिवाळ्यात भेगा पडलेले हात. "तिकडे डॉक्टरांना का दाखवले नाही?" असे विचारले, की उत्तर ठरलेले असते. "भाषेचा प्रश्न होता डॉक्टर. काय सांगणार आणि त्यांना काय कळणार? घरून आणलेली ट्यूब लावत होतो."

खरे पाहता जपानमध्ये त्वचेच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचणे अवघड नाही. शहरांत बहुतेक वस्त्यांमध्ये, रेल्वे स्टेशनजवळ असा एखादा लहान दवाखाना असतोच. त्वचारोगाचा एक मोठा फायदाही आहे : आजार डोळ्यांना दिसतो. पोटातले दुखणे शब्दांत सांगावे लागते, पुरळ नुसते दाखवता येते. मात्र एक गोष्ट त्वचेवर दिसत नाही. त्रास कधी सुरू झाला, आतापर्यंत त्यावर काय काय लावले, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे रुग्णानेच सांगावे लागते. भाषा येत नसताना ही माहिती कशी पोहोचवावी आणि डॉक्टरांचा सल्ला नीट कसा समजून घ्यावा, ते या लेखात पाहू.

कोणत्या दवाखान्यात जावे?

त्वचारोग विभागाला जपानीत "हिफुका" म्हणतात. नकाशावर शोधताना "बियो हिफुका" असे लिहिलेले दवाखानेही दिसतील. तिथे मुख्यतः सौंदर्योपचार होतात. लेझर, डाग घालवणे असे उपचार सरकारी आरोग्य विम्यात सहसा बसत नाहीत. खाज, पुरळ, गजकर्ण, इसब, नागीण यांसाठी विम्यावर उपचार करणारा साधा "हिफुका" निवडा.

जपानच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ पासून "नावी" नावाची देशभरातील दवाखाने शोधण्याची सोय सुरू केली आहे. परदेशी भाषा बोलणारे दवाखाने त्यावर शोधता येतात. इंग्रजी येणारे डॉक्टर जवळ मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले, तरी केवळ त्यासाठी उपचार लांबवू नका.

जाण्यापूर्वी या गोष्टी पाहून घ्या :

- वेळ. दुपारी दोन-तीन तास दवाखाना बंद असतो. आठवड्यातून एखादा दिवस किंवा अर्धा दिवस सुटी असते. नावनोंदणी दवाखाना बंद होण्याच्या बरीच आधी थांबू शकते.
- नंबर. काही ठिकाणी थेट जाऊन बसायचे असते, काही ठिकाणी मोबाइलवरून नंबर घ्यावा लागतो.
- विमा. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ राहणाऱ्या परदेशी रहिवाशांना आरोग्य विमा घ्यावाच लागतो. सर्वसाधारण प्रौढ रुग्णाला बिलाच्या ३० टक्के रक्कम भरावी लागते. विम्याला जोडलेले मायनंबर कार्ड किंवा विम्याचे पात्रतापत्र बरोबर न्या. मुलांसाठी स्थानिक पालिका वैद्यकीय सवलतीचे कार्ड देते, तेही विसरू नका.

घरून आणलेली ट्यूब : लपवू नका, बरोबर न्या

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. एक उदाहरण घेऊ.

टोकियोच्या निशी-कासाई भागात बरेच भारतीय राहतात. तिथे राहणाऱ्या एका तरुणाला जांघेत खाज सुटली. खोलीतल्या मित्राने भारतातून आणलेले मलम दिले. दोन दिवसांत खाज थांबली, पण मलम बंद करताच परत आली. असे चार महिने चालले. शेवटी तो जवळच्या दवाखान्यात गेला. जागा अवघड, त्यात भाषा येत नाही. प्रश्नावलीत "सध्या कोणते औषध वापरता?" यापुढे त्याने "काही नाही" असे लिहिले. चट्ट्यांचे रूप गजकर्णासारखे राहिले नव्हते. गोल कडा नाहीशी झाली होती, मध्येच लालसर डाग आणि बारीक पुटकुळ्या होत्या. ते इसबासारखे दिसले आणि औषधही इसबाचे मिळाले. तीन आठवड्यांत चट्टे पोटापर्यंत पसरले. दुसऱ्या वेळी त्याने मित्राची ट्यूबच नेऊन दाखवली. डॉक्टरांनी तिच्यावरचे घटक वाचले, कडेची त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि बुरशी सापडली. निदान बदलले, उपचारही बदलले.

असे का झाले? आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत बुरशीविरोधी औषध, जंतुविरोधी औषध आणि क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉईड एकत्र असते. स्टिरॉईडमुळे खाज आणि लाली लगेच कमी होते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते. बुरशी आतून वाढत राहते आणि आजाराचे मूळ रूप पुसले जाते. अशा मलमांचा गैरवापर इतका वाढला, की २०१८ मध्ये भारत सरकारने अनेक स्टिरॉईड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही ती घरोघरी सापडतात आणि सामानातून परदेशीही जातात.

आणखी एक बाब भारतीय रुग्णांनी जाणून घ्यावी. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी एका नव्या बुरशीचे वर्णन केले. तिचे नमुने जपानमधल्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतून मिळाले होते. तिचे नाव "ट्रायकोफायटॉन इंडोटिनी". गजकर्णावर नेहमी दिले जाणारे टर्बिनाफिन हे औषध या बुरशीवर अनेकदा चालत नाही. म्हणून "मी भारतातून आलो आहे, अमुक महिन्यात भारतात जाऊन आलो, घरात किंवा खोलीत आणखी कोणाला असाच त्रास आहे" ही माहिती डॉक्टरांच्या खऱ्या उपयोगाची आहे. त्यावरून ते औषध निवडतील किंवा बुरशीची वेगळी तपासणी करून घेतील.

तेव्हा आतापर्यंत लावलेले प्रत्येक मलम, तेल आणि घेतलेली गोळी बरोबर न्या. ट्यूब संपली असेल, तर तिच्या मागच्या बाजूचा फोटो न्या. घटकांची नावे दिसली पाहिजेत, कारण भारतातले ब्रँड तिथल्या डॉक्टरांना माहीत नसतात. हळद, कडुनिंबाचा लेप, लसणाचा रस, आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक औषध, मेंदी, केसांचा कलप हेही सांगा. यांतल्या काहींमुळेच त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. डॉक्टर रागावतील म्हणून काही लपवू नका. ही माहिती मिळाली नाही, तर त्यांचे निदान चुकू शकते.

एक कागद घरूनच लिहून न्या

पहिल्या भेटीत दवाखान्यात "मोन्शिनह्यो" म्हणजे प्रश्नावली भरायला देतात. मोठ्या प्रमाणात ती फक्त जपानीत असते. कानागावा इंटरनॅशनल फाउंडेशन आणि हार्टी कोनान्दाई या संस्थांनी अनेक भाषांत वैद्यकीय प्रश्नावल्या तयार केल्या आहेत. त्यात त्वचारोगाची वेगळी प्रश्नावली आहे आणि ती इंटरनेटवर मोफत मिळते. इंग्रजी-जपानी प्रत घरीच शांतपणे भरून नेली, तर दवाखान्यात धांदल होत नाही.

ती मिळाली नाही, तर पुढील मुद्दे साध्या, तुटक वाक्यांत लिहा आणि त्यांचे जपानी भाषांतर करून घ्या :

१. त्रास कधी सुरू झाला? (तारीख किंवा "तीन आठवड्यांपूर्वी")
२. प्रथम कुठे आला? नंतर कुठे पसरला?
३. खाज येते, जळजळते, की दुखते? रात्री वाढते का?
४. आतापर्यंत काय लावले, कोणत्या गोळ्या घेतल्या? किती दिवस? शेवटचे कधी लावले?
५. कोणत्या औषधाची किंवा खाण्याची ॲलर्जी आहे? काय झाले होते?
६. मधुमेह, रक्तदाब, दमा, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे का? त्यासाठी रोज कोणती औषधे चालू आहेत?
७. गरोदर आहात का? बाळाला अंगावर पाजता का?
८. घरात आणखी कोणाला असाच त्रास आहे का?

पाचवा, सहावा आणि सातवा मुद्दा कधीही वगळू नका. बुरशीविरोधी गोळ्यांसारखी काही औषधे गरोदरपणात, यकृताच्या आजारात किंवा इतर औषधांबरोबर चालत नाहीत.

आपले मराठी शब्द भाषांतरात फसतात

मोबाइलवरचे भाषांतर उपयोगी आहे, पण त्वचारोगाचे आपले रोजचे शब्द त्याला नीट समजतातच असे नाही. "अंगावर पित्त उठले" याचा अर्थ यकृतातले पित्त असा होऊ शकतो. "नागीण झाली" म्हटले तर साप येऊ शकतो. "अंगाची आग होते" यातून कुठे तरी आग लागल्याचा अर्थ निघू शकतो. "उष्णता बाहेर पडली" हे तर मराठी माणसालाच कळेल.

म्हणून रोगाचे नाव न सांगता जे दिसते आणि जाणवते तेच सांगा :

- "पित्त उठले" ऐवजी : "अंगावर लाल गांधी येतात. खूप खाजतात. काही तासांत नाहीशा होतात. पुन्हा दुसरीकडे येतात."
- "नागीण" ऐवजी : "छातीच्या फक्त डाव्या बाजूला दुखत होते. दोन दिवसांनी तिथेच पाण्याचे फोड आले."
- "अंगाची आग" ऐवजी : "मलम लावल्यावर या जागी जळजळते."

वाक्य लहान ठेवा. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. जपानीत झालेले भाषांतर पुन्हा मराठीत किंवा इंग्रजीत उलटवून पाहा. अर्थ तोच निघाला, तर पुढे जा.

थोडे जपानी शब्द पाठ असले, की बरेच काम भागते. "कायुई" म्हणजे खाज येते, "इताई" म्हणजे दुखते, "हिरिहिरी" म्हणजे चुरचुरते. "कोको देसु" म्हणजे इथे. "हाजिमेते देसु" म्हणजे पहिल्यांदाच आलो आहे. "काइते कुदासाइ" म्हणजे कृपया लिहून द्या. डॉक्टरांना "सेन्सेई" म्हणतात.

तपासणीच्या वेळी

गर्दीच्या दवाखान्यात तपासणी काही मिनिटांतच आटोपते. त्यात तुम्हाला कमी लेखण्याचा हेतू नसतो. कामाची पद्धतच तशी आहे. म्हणून आत जाताच कागद पुढे करा आणि जागा दाखवा.

- सकाळी मलम लावून जाऊ नका. मलमाच्या थरामुळे पुरळ नीट दिसत नाही. बुरशीविरोधी मलम लावलेले असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी सापडणेही अवघड होते. नखांचा त्रास असेल, तर नेलपॉलिश काढून जा. पोटातली औषधे मात्र, विशेषतः स्टिरॉईडच्या गोळ्या, स्वतःहून बंद करू नका.
- फोटो न्या. पित्ताच्या गांधी दवाखान्यात पोहोचेपर्यंत जिरून जातात. त्या उठल्या असताना काढलेला, तारीख असलेला फोटो डॉक्टरांना पुरेसा असतो.
- त्वचेच्या रंगाबद्दल सांगा. गोऱ्या त्वचेवर जी सूज लाल दिसते, ती आपल्या सावळ्या त्वचेवर तपकिरी, जांभळट किंवा करडी दिसू शकते. "माझा नेहमीचा रंग हा आहे, हा भाग त्यापेक्षा काळा झाला आहे" हे शेजारची निरोगी त्वचा दाखवून सांगा.
- अवघड जागा दाखवायला लाजू नका. जांघ, स्तनांखालची घडी, गुद्द्वाराजवळची त्वचा डॉक्टर रोज पाहतात. स्त्री डॉक्टर हव्या असतील, तर नावनोंदणी करतानाच विचारा.
- खरवडण्याला घाबरू नका. बुरशीच्या तपासणीसाठी वरवरची कोरडी त्वचा काढतात. ती सहसा दुखत नाही आणि अनेकदा काही मिनिटांतच उत्तर मिळते.

मुलांना शाळेमुळे जपानी छान येते, म्हणून आई-वडील त्यांनाच दुभाषी करतात. पत्ता विचारण्यापुरते ते ठीक आहे. पण आईच्या पाळीचा, गरोदरपणाचा किंवा वडिलांच्या जांघेतल्या त्रासाचा विषय मुलावर टाकू नका. ते संकोचाने अर्धेच सांगते. फोनवर एखादा प्रौढ मित्र किंवा लिहिलेला कागद अधिक चांगला.

निघण्यापूर्वी या पाच गोष्टी लिहून घ्या

१. आजाराचे नाव
२. कोणते औषध कुठे लावायचे (चेहरा, अंग आणि डोके यांसाठी वेगळी औषधे असू शकतात)
३. दिवसातून किती वेळा
४. किती दिवस : खाज थांबेपर्यंत, की त्यानंतरही
५. पुन्हा कधी दाखवायचे

चौथा मुद्दा सर्वाधिक चुकतो. इसबाचे स्टिरॉईड मलम ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त लावले, तर त्वचा पातळ होऊ शकते. गजकर्णाचे औषध खाज थांबताच सोडले, तर आजार उलटतो.

औषधाच्या दुकानात

बहुतेक ठिकाणी दवाखान्यातून फक्त चिठ्ठी मिळते. औषधे शेजारच्या "याक्क्योकु" म्हणजे औषधाच्या दुकानातून घ्यायची असतात. चिठ्ठी दिल्याच्या दिवसासकट सहसा ४ दिवसच चालते आणि त्यात सुटीचे दिवसही धरले जातात. त्यामुळे शक्यतो त्याच दिवशी औषधे घ्या.

तिथे "ओकुसुरी तेच्यो" नावाची औषधांची वही मिळते. प्रत्येक वेळी दिलेल्या औषधांची नोंद तिच्यात होते. ती जपून ठेवा आणि पुढच्या वेळी, दुसऱ्या डॉक्टरांकडे जातानाही, बरोबर न्या. भाषा न येणाऱ्या माणसाची बरीच माहिती ही वहीच सांगते.

"नुरिगुसुरी" म्हणजे लावायचे औषध आणि "नोमिगुसुरी" म्हणजे पोटात घ्यायचे, एवढे दोन शब्द लक्षात ठेवा. जपानमध्ये स्टिरॉईड मलम आणि त्वचा मऊ ठेवणारे मलम एकत्र मिसळून छोट्या डबीत देण्याची पद्धत आहे. डबी कोल्ड क्रीमसारखी दिसते, म्हणून घरातले कोणीही ते तोंडाला लावते. डबीच्या झाकणावर मराठीत लिहा : काय आहे, कोणाचे, कुठे लावायचे, कोणत्या तारखेपर्यंत.

किती लावायचे याचा साधा अंदाज असा. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलम काढले, तर ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते. बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला ते पुरते. मात्र हा हिशेब रुंद तोंडाच्या ट्यूबचा आहे. जपानमधल्या ५ ग्रॅमच्या लहान ट्यूबचे तोंड अरुंद असते, त्यामुळे तेवढ्याच लांबीत मलम कमी निघते. फार्मासिस्टला एकदा बोटावर काढून दाखवायला सांगा.

भेटीला आलेले आई-वडील

मुलांकडे दोन-तीन महिने राहायला आलेल्या आई-वडिलांना जपानचा सरकारी विमा मिळत नाही. पूर्ण बिल भरावे लागते आणि काही दवाखाने विमा नसलेल्यांना जास्त दर लावतात. निघण्यापूर्वी प्रवास विमा घ्या आणि पावत्या जपून ठेवा. त्यांच्या रोजच्या औषधांची मूळ नावांसह यादी इथूनच करून न्या. थंडीत टोकियोची हवा फार कोरडी असते. त्यात रोज कढत पाण्याची अंघोळ केली, की वयस्कर माणसांच्या पायांना आणि पाठीला खाज सुटते. कोमट पाणी, कमी साबण आणि अंग ओलसर असतानाच लावलेले मॉइश्चरायझर एवढ्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. आठवडाभरात फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

केव्हा थांबू नये?

पुढील लक्षणांत भाषेचा विचार करत बसू नका :

- पुरळाबरोबर ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे, चक्कर येणे
- नवीन औषध सुरू केल्यावर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सोलवटणे
- लाल, गरम, दुखरी सूज वेगाने पसरणे आणि ताप येणे
- दाबल्यावर न जाणारे जांभळे ठिपके आणि ताप

अशा वेळी ११९ वर फोन करा. रुग्णवाहिका मोफत असते आणि अनेक भागांत फोनवर दुभाष्याची सोय आहे. आपला पत्ता जपानीत लिहून दारामागे चिकटवून ठेवा. डोळ्याजवळ, कपाळावर किंवा नाकावर एका बाजूला दुखरे फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नागिणीचे औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेले चांगले.

लक्षात ठेवा

- भाषा येत नाही म्हणून त्वचेचा आजार अंगावर काढू नका.
- आतापर्यंत लावलेले सर्व काही बरोबर न्या, अगदी मित्राने दिलेली ट्यूबसुद्धा.
- रोगाचे नाव सांगण्यापेक्षा लक्षणे साध्या वाक्यांत लिहून न्या.
- ॲलर्जी, इतर आजार आणि गरोदरपण यांची माहिती नेहमी द्या.
- औषध कुठे, किती आणि किती दिवस लावायचे हे कागदावर घेतल्याशिवाय निघू नका.

पुढच्या वेळी भारतातून निघताना बॅगेत "असू द्यावी" म्हणून मलमाची ट्यूब टाकण्याऐवजी आपल्या औषधांची आणि ॲलर्जींची यादी ठेवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या त्रासासाठी प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)